मुर्राचे सव्वीस

सकाळी पाचला, चूल पेटायच्या आधी
मी डाव्या हाताला विचारतो : आज कोण?
अंगठा नाही, त्याला धार काढायची असते.
तर्जनी चाकूची.
राहिली तीन. त्यातल्या मधल्याचं कातडं
साठ वर्षांत असं झालंय
की सुई दारात उभी राहून
पाहुण्यासारखी परत जाते.
करंगळी बिचारी नाही म्हणत नाही.
कुठल्याही घरात धाकट्याच्याच माथी सगळं.

थेंब येतो. पट्टी तो पिऊन टाकते.
पाच, चार, तीन...
तेवढ्यात मी खिडकीतून
जेन्नार्जेन्तुचा डोंगर बघून घेतो,
निकालाच्या दिवशी पोर छताकडे बघतं तसा.
एकशे ब्याऐंशी.

वहीत लिहितो. वही तीच, दुधाची.
दुसरी कशाला घ्यायची?
ईस्टरला बोनारिया तोरिनोहून आली,
वही उघडली आणि ओरडलीच :
"दोनशे चाळीस, बाबा!"
अगं, ते लिटर.
"आणि हे दोनशे नव्वद?"
तेही लिटर, म्हणालो.
माझ्या कळपानं एवढं दूध कधी दिलेलं नाही.
तिला ते ठाऊक आहे. ती इथंच वाढली.

साखरेचं खाणार त्याला देव देणार, म्हणतात.
मला न खाताच दिली.
वरच्या फळीवर मधाची बरणी आहे,
आमच्या डोंगरातला कडू मध,
आंतिओकानं ठेवलेली. ती गेल्यापासून
झाकणाला कुणी हात लावला नव्हता.
कडू असला तरी साखर ती साखरच,
डॉक्टरबाईंनी बजावलं होतं.

नोव्हेंबरात मुर्रा कळपापासून लांब उभी राहिली.
गाभण, पोटात दोन. खाईना.
तोंड भिंतीकडे, डोळे उघडे,
पण आत कुणी नाही.
रात्रीचे साडेअकरा. पशुवैद्य दरीपलीकडे, फोनवर :
"साखर उतरली असेल. मोजायला काही आहे?"
आहे, म्हणालो. खिशातच आहे.

पट्ट्या महिन्याला पंचवीस.
सव्विसावी मागितली तर औषधवाली
चष्म्यावरून बघते.
तरी एक काढली, नवी सुई लावली,
बॅटरी दातात धरून कानाची कड टोचली.
तिचं कातडं माझ्याहून मऊ.
सव्वीस.
मग, का कोण जाणे, स्वतःचंही बघितलं.
दोनशे दहा.

म्हटलं, मुर्रे, दोघांची सरासरी काढ,
एकशे अठरा.
या मेंढवाड्यात आजारी कुणीच नाही.

मग फळीवरची बरणी काढली.
झाकण चिकटलं होतं, गुडघ्यात धरून उघडलं.
कोमट पाण्यात मध, चमचा चमचा,
गालफडात बोट घालून,
पशुवैद्याची गाडी वळणावर दिसेपर्यंत.
शेवटी बोटाला लागलेला मध
सवयीनं तोंडाकडे गेला,
मग पँटला पुसला.
(थोडा चाखला. वहीत लिहिलेलं नाही.)

जानेवारीत डॉक्टरबाईंनी यंत्राची आठवण उघडली.
आकडे वर सरकवत गेल्या. थांबल्या.
"अकरा चाळीसला सव्वीस.
अकरा बेचाळीसला दोनशे दहा.
बाकीझियो, या दोन मिनिटांत
तुम्ही नेमकं काय केलंत?"
पहिला मी नाही. ती मुर्रा.
"मुर्रा कोण?"

सांगितलं. बाहेर रांगेत कुणी खोकत होतं.
यंत्राला काय, रक्त ते रक्त,
त्याला पाय किती आहेत ते दिसत नाही.
त्या हसल्या नाहीत. एवढंच विचारलं :
"जगली का?"
जगली. कोकरं दोन. एक गेलं.

त्यांनी कागदावर सव्वीसला काट मारली,
आणि माझा डावा हात ओढून
एकेक बोट उलटंपालटं करून बघितलं,
मी खूर बघतो तसं.
"कडेला टोचत जा," म्हणाल्या,
"मधोमध नाही. कडेला दुखत नाही."

मेंढीच्या बाबतीत
हे मला ठाऊक होतं.